लशीनंतरचा ताप आणि पेशींची वर्दी

दीड महिन्याच्या बाळाला पहिली पेंटाव्हॅलंट लस टोचून आणली, की त्या संध्याकाळी बहुतेक घरांचे वातावरण पालटते. मांडी लाल होते, हाताला कढत लागते, बाळ किरकिरते आणि रात्री अंगात कणकण भरते. आजी म्हणते, ‘‘चांगले हसतेखेळते लेकरू होते, उगीच टोचून आणले.’’ आई रात्रभर कपाळावर हात ठेवून बसते आणि महिनाभराने दुसऱ्या डोसाची तारीख आली की तिचे मन मागेपुढे होऊ लागते. पुष्कळ मुलांचे लसीकरण अर्धवट राहते ते याच टप्प्यावर. द्वेषाने नव्हे, मायेपोटी.

म्हणून या तापाचा अर्थ नीट समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे. हा ताप म्हणजे लशीने बाळाला दिलेला आजार नव्हे. शरीरातील काही पेशींनी इतर पेशींना दिलेल्या वर्दीचा तो बाहेर ऐकू आलेला आवाज आहे. ही वर्दी कोण देते, कोणाला देते आणि ती दिली नाही तर काय होते, याचा शोध गेल्या शंभर वर्षांत टप्प्याटप्प्याने लागला. त्याची कथा मनोरंजक आहे आणि घरगुती निर्णयांसाठी उपयोगीही.

तुरटीचे गुपित

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात घटसर्प हा लहान मुलांचा काळ होता. त्यावरचा उतारा घोड्यांच्या रक्तापासून तयार करीत. फ्रान्समध्ये हे काम करणाऱ्या गास्ताँ रामाँ यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. सुई टोचलेल्या जागी ज्या घोड्यांना सूज येऊन गळू होई, त्यांच्या रक्तात उतारा अधिक सापडे. मग त्यांनी मुद्दाम लशीत टॅपिओका मिसळून पाहिला. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात, त्याच कंदाचे हे पीठ. परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला, उतारा वाढला. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी 1926 मध्ये घटसर्पाच्या निष्प्रभ केलेल्या विषाला तुरटीची जोड दिली आणि लशीचा प्रभाव कितीतरी वाढल्याचे दाखवून दिले. तुरटीच्या कुळातील ॲल्युमिनियमचे क्षार तेव्हापासून आजतागायत अनेक लशींत अत्यल्प प्रमाणात वापरले जातात. लशीचा प्रभाव वाढवणाऱ्या अशा पदार्थांना ‘सहायक द्रव्ये’ म्हणतात.

हे सारे उपयोगी होते. पण कोड्यासारखे होते. शरीराला परका पदार्थ दिसला की प्रतिकारशक्ती जागी होते, असे पाठ्यपुस्तके सांगत. मग शुद्ध केलेले परके प्रथिन एकटेच टोचले तर शरीर त्याच्याकडे फारसे लक्ष का देत नाही? त्याच्या जोडीला तुरटी किंवा मृत जंतूंचा चुरा का लागतो? अमेरिकेतील येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी 1989 मध्ये हा प्रश्न उघडपणे मांडला. सहायक द्रव्यांचे हे प्रकरण म्हणजे प्रतिकारशास्त्रज्ञांचे एक ओशाळवाणे गुपित आहे, असे ते म्हणत. त्यांचे अनुमान असे होते, की केवळ परकेपणा पुरेसा नाही. आलेला परका हा जंतू आहे, अशी खात्री पटवणारी काही खूण शरीराला आधी मिळावी लागते आणि ती ओळखणारी यंत्रणा जन्मजातच असली पाहिजे.

अनुमान खरे ठरायला फार काळ लागला नाही. ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने 1996 मध्ये फळमाशीत ‘टोल’ नावाचे जनुक बुरशीच्या संसर्गाविरुद्ध आवश्यक असल्याचे दाखवले. ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने 1998 मध्ये उंदरांत त्याच घराण्यातला एक ग्राही शोधला. काही जीवाणूंच्या बाह्य आवरणातील विषारी स्निग्ध घटक तो नेमका ओळखतो. माणसाच्या शरीरात या घराण्यातले दहा ग्राही आहेत. कोणी जीवाणूचे आवरण ओळखतो, कोणी त्याची शेपटी, कोणी विषाणूचे आरएनए. जंतू कितीही रूपे पालटो, या मूलभूत गोष्टी त्याला सहसा टाकता येत नाहीत. म्हणून त्याच त्याच्या खुणा ठरतात.

शाखांची पेशी

खूण ओळखणारा एक आणि लढणारा दुसरा, अशी शरीरात कामाची वाटणी आहे. या दोघांमधला निरोप्या कोण, याचे उत्तर 1973 मध्ये मिळाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनविल कोह्न यांना उंदराच्या प्लीहेत एक विलक्षण पेशी दिसली. तिला झाडासारख्या फांद्या होत्या. म्हणून तिचे नाव ठेवले डेन्ड्रायटिक पेशी. आपण तिला शाखापेशी म्हणू. त्वचेतील तिची एक बहीण पाउल लांगरहान्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याने 1868 मध्येच पाहिली होती. पण तिच्या फांद्यांमुळे ती मज्जासंस्थेचा भाग असावी, असा त्याचा समज झाला.

स्टाइनमन यांच्या शोधाकडे अनेक वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ते चिकाटीने त्याच पेशीच्या मागे लागून राहिले. पुढे त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांनी स्वतःवर शाखापेशींच्या आधारे तयार केलेले उपचारही करून घेतले. 2011 चे नोबेल पारितोषिक हॉफमन, बॉयटलर आणि स्टाइनमन यांना 3 ऑक्टोबर रोजी जाहीर झाले. स्टाइनमन तीन दिवसांपूर्वीच निवर्तले होते. निवड समितीला त्यांच्या निधनाची कल्पना नव्हती. म्हणून तो सन्मान कायम ठेवण्यात आला.

शाखापेशी राहतात शरीराच्या वेशीवर : त्वचेत, नाकाघशाच्या अस्तरात, फुप्फुसांत, आतड्यांत. एरवी त्यांचे काम गस्तीचे. आसपासच्या द्रवातील कण गिळावेत, तपासावेत, पुन्हा गिळावेत. सगळे आलबेल असेल तर त्या कोणालाही उठवत नाहीत. परंतु गिळलेल्या ऐवजात जंतूची खूण सापडली, की त्यांचे वर्तन एकदम बदलते. गिळणे थांबते. गिळलेल्या प्रथिनाचे तुकडे करून ते त्या स्वतःच्या पृष्ठभागावर मांडतात आणि लसिकेच्या प्रवाहाबरोबर जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघतात.

लसिका ग्रंथी म्हणजे शरीराची चावडी. तेथे टी पेशींची सतत ये-जा असते. प्रत्येक टी पेशी एकाच आकाराचा तुकडा ओळखू शकते. त्यामुळे एखाद्या विशिष्ट जंतूचा तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात किंवा दहा लाखांत एखादीच असते. ती सापडेपर्यंत शाखापेशी आपल्या फांद्या पसरून शेकडो टी पेशींना तो तुकडा दाखवीत राहते. या शोधाच्या काळात ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या पेशींना काही काळ अडवले जाते, रक्तपुरवठा वाढतो आणि ग्रंथी फुगते. पायाला ठेच लागून जखम चिघळली, की जांघेत अवधाण येते असे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. ते अवधाण म्हणजे भरलेली चावडी. लस दंडात टोचल्यावर काखेत गाठ जाणवते, तिचेही कारण हेच.

तीन गोष्टी एकाच वेळी

योग्य टी पेशी भेटली तरी ती लगेच लढायला उठत नाही. शाखापेशीने तिला तीन गोष्टी एकाच वेळी द्याव्या लागतात. पहिली, शत्रूचा नमुना, म्हणजे प्रथिनाचा तुकडा. दुसरी, दुजोरा. धोक्याची खूण मिळालेल्या शाखापेशीच्या पृष्ठभागावरच काही विशिष्ट रेणू मोठ्या संख्येने उगवतात आणि ते टी पेशीवरील जोडीदार रेणूंना बिलगतात. तिसरी, हुकूम. शाखापेशी जी रासायनिक द्रव्ये सोडते त्यांवरून टी पेशीला कळते, की शत्रू पेशीच्या आत लपलेला विषाणू आहे, बाहेरचा जीवाणू आहे, की आतड्यातला जंत आहे. त्यानुसार तिचे शिक्षण होते.

नमुना मिळाला आणि दुजोरा मिळाला नाही, तर? 1987 मध्ये मार्क जेंकिन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी उंदरांच्या पेशींवर हा प्रयोग केला. दुजोरा न मिळालेल्या टी पेशी लढल्या तर नाहीतच. उलट पुढे योग्य रीतीने बोलावूनही त्या थंड राहिल्या. ही सावधगिरी आपल्या रोजच्या जगण्याचा आधार आहे. आपण रोज डाळ-भात खातो, परागकण आत ओढतो, आतड्यात कोट्यवधी जीवाणू पाळतो. यातले काहीही ‘आपले’ नाही. तरी बहुतेकांच्या शरीरात त्याविरुद्ध युद्ध पेटत नाही; कारण नमुना दिसतो, पण धोक्याची वर्दी येत नाही.

सर्व अटी पुऱ्या झाल्या, की मात्र ती एक टी पेशी दुभागत जाते आणि काही दिवसांत तिचे हजारो वारस तयार होतात. त्यांतले काही बी पेशींना प्रतिपिंडे बनवायला मदत करतात, काही संसर्ग झालेल्या पेशी नष्ट करतात, काही ‘इंटरफेरॉन गॅमा’सारखी द्रव्ये सोडून भक्षक पेशींना अधिक आक्रमक करतात. वर्दी एकतर्फी नसते. जाग्या झालेल्या टी पेशी उलट शाखापेशींनाही चेतवतात. लढाई संपल्यावर बहुसंख्य सैनिक मरून जातात. काही मात्र स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे राहतात. लशीचे सारे मोल या उरलेल्या मोजक्या पेशींत असते.

परका की धोकादायक?

जेनवे यांच्या विचाराला 1994 मध्ये पॉली मॅट्झिंगर यांनी एक नवे वळण दिले. शरीर परक्याला नव्हे, तर धोक्याला प्रतिसाद देते, असे त्यांनी मांडले. धोक्याची खबर जंतूच देईल असे नाही. इजा झालेली आपली स्वतःची पेशीही ती देते. आयुष्य पुरे झालेली पेशी शरीरात शांतपणे मरते. ती आटोपशीर गोळा होते, शेजारच्या पेशी तिला गिळतात आणि गवगवा होत नाही. पण भाजून, चिरडून किंवा विषाणूमुळे पेशी फुटली, की तिच्या आत राहायला हवा असा ऐवज बाहेर सांडतो : ऊर्जेचे नाणे असलेले एटीपी, केंद्रकातील काही प्रथिने, युरिक ॲसिड. चुकीच्या जागी दिसलेला हा ऐवज हीच आरोळी ठरते. सर्व शास्त्रज्ञांनी हा सिद्धान्त जसाच्या तसा मान्य केला नाही. परंतु जंतूची खूण आणि इजेची खूण, दोन्ही वर्दी देतात हे आता प्रस्थापित आहे.

याचे बोलके उदाहरण म्हणजे गाउट, अर्थात पायाच्या अंगठ्याला अचानक ठणका लावणारा वातविकार. तेथे जंतू नसतोच. सांध्यात साचलेले युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक भक्षक पेशी गिळतात, तिच्या आतली धोक्याची यंत्रणा सुरू होते आणि ‘इंटरल्यूकिन–1’ हे दाहकारक द्रव्य बाहेर पडते. 2006 मध्ये ही साखळी उलगडली. सांधा लाल, गरम आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होणार नाही इतका हळवा होतो तो या वर्दीमुळे.

दुसरे उदाहरण मोठ्या अपघाताचे. आपल्या प्रत्येक पेशीतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, ही अतिप्राचीन काळी पेशीत वस्तीला आलेल्या जीवाणूंची वंशज आहेत. गंभीर मारात पेशी फुटून त्यांचे डीएनए रक्तात मिसळते आणि शरीर त्याला जीवाणूच समजते. संसर्ग नसतानाही जखमी रुग्णाला तापासह सर्वांगाचा दाह होऊ शकतो, याचे हे एक कारण 2010 मध्ये पुढे आले.

मांडीवरची सूज

आता पुन्हा बाळाच्या मांडीकडे वळू. पेंटाव्हॅलंट लशीत घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, कावीळ ब आणि हिब या पाच रोगांविरुद्धचे घटक असतात. सरकारी कार्यक्रमातील लशीत डांग्या खोकल्याचा अख्खा मृत जीवाणू असतो. तो मेलेला असल्याने रोग देऊ शकत नाही. पण त्याच्या आवरणावरच्या खुणा शाबूत असतात. त्याच्या जोडीला ॲल्युमिनियमचा क्षार असतो. तो टोचलेल्या जागी पेशींना किंचित डिवचतो आणि त्यांच्याकडून इजेच्या खुणा बाहेर पडतात. भक्षक पेशी आणि शाखापेशी दोन्ही खुणा वाचतात. त्यांनी सोडलेल्या द्रव्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात. मांडी लाल व गरम होते. तीच द्रव्ये रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात, तेथे प्रोस्टाग्लॅन्डिन तयार होते आणि शरीराचे तापमान ठरवणारे केंद्र आपली पातळी वर सरकवते. यालाच आपण ताप म्हणतो.

काही खासगी दवाखान्यांत ‘न दुखणारी’ म्हणून मिळणारी लस वेगळी असते. तिच्यात अख्ख्या जीवाणूऐवजी त्याची निवडक शुद्ध प्रथिने असतात. खुणा कमी, म्हणून ताप कमी. मात्र डांग्या खोकल्याविरुद्ध तिने दिलेले संरक्षण अख्ख्या जीवाणूच्या लशीपेक्षा लवकर ओसरते, असे पुढे आढळून आले. दोन्ही लशी सुरक्षित आहेत आणि कोणतीही घेणे न घेण्यापेक्षा कितीतरी चांगले. पण सरकारी केंद्रातील लस ताप आणते म्हणून ती हलकी, हा समज मात्र निराधार आहे.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी मृत जीवाणूंची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांनाही ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या. अलीकडच्या कोव्हॅक्सिनमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळा केलेला विषाणू निष्क्रिय करून वापरला होता. त्याला ॲल्युमिनियमच्या क्षाराबरोबरच टोल घराण्यातील दोन ग्राहींना चेतवणारा रेणूही जोडला होता. म्हणजे वर्दी कोणती द्यायची, हे आता लस बनवणारे जाणूनबुजून ठरवतात.

वर्दी जास्त झाली तरी काम बिघडते. कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना आढळले, की प्रयोगशाळेत तयार केलेले एमआरएनए शाखापेशींना फार चिथावते. त्याच्या एका घटकात फेरफार केल्यावर हा दाह खूप कमी झाला. 2005 चा हा शोध पुढे कोविडच्या एमआरएनए लशींचा पाया ठरला आणि 2023 मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांच्या व गोळ्यांच्या जाहिराती सावधपणे वाचाव्यात. प्रतिकारशक्ती ही भरायची टाकी नव्हे. वर्दी आवरली नाही तर जंतुदोषात सर्वांगाचा दाह होऊन अवयव निकामी होतात. आपल्याच पेशींविरुद्ध ती उठली तर आमवातासारखे विकार जडतात. हवी असते ती योग्य वेळी उठणारी आणि वेळेवर निजणारी वर्दी. त्यासाठी पुरेशी झोप, चौरस आहार, तंबाखूपासून दूर राहणे आणि वेळेवर लसीकरण यांना पर्याय नाही.

घरी काय करावे?

लस टोचल्यावर केंद्रावर अर्धा तास थांबावे. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते. पण झाली तर बहुधा याच वेळात दिसते आणि उपचार हाताशी असतात.

लस टोचण्यापूर्वी ‘ताप येऊच नये’ म्हणून पॅरासिटामॉल देऊ नये. चेक प्रजासत्ताकात 459 बाळांवर झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना लशीबरोबरच आणि नंतरच्या 24 तासांत ठरावीक अंतराने पॅरासिटामॉल दिले, त्यांना ताप कमी आला. पण काही घटकांविरुद्धची प्रतिपिंडेही कमी तयार झाली. बहुतेक बाळांत ती संरक्षणापुरती होती, हेही तितकेच खरे. म्हणून आधीच औषध देण्याचे कारण नाही. आणि बाळ तापाने खरोखर अस्वस्थ असेल, तर डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने वजनानुसार सांगितलेली मात्रा द्यायला भिण्याचेही कारण नाही. एखाद्या लशीसाठी डॉक्टरांनी आधीच औषध द्यायला सांगितले, तर त्यांचे ऐकावे. ॲस्पिरिन मात्र मुलांना कधीही देऊ नये.

अंगावरचे दूध वारंवार पाजावे. कपडे सैल व हलके असावेत. मांडीवर स्वच्छ ओला कपडा ठेवला तर आराम पडतो. ती चोळू नये, शेकू नये, तिच्यावर बाम, हळद किंवा तुरटी लावू नये. लशीत तुरटीच्या कुळातला क्षार आहे, याचा अर्थ घरातली तुरटी औषध आहे असा नव्हे.

ताप दोन दिवसांपलीकडे टिकला किंवा फार चढला, बाळ तीन तासांहून अधिक सतत रडले, झटका आला, अंग सैल पडले, दूध ओढेनासे झाले, श्वासाला त्रास झाला किंवा टोचलेली जागा दिवसेंदिवस वाढत जाऊन पिकली, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप नेहमीच डॉक्टरांच्या कानावर घालावा. तो लशीचाच आहे असे घरी ठरवून टाकू नये.

शेवटी एक उलटी शंका. ताप आलाच नाही, तर लस लागू पडली नाही का? तसे नाही. पुष्कळ बाळांत ही सारी देवाणघेवाण ग्रंथीच्या आतच निमूट पार पडते आणि संरक्षण तेवढेच मिळते. ताप आला तरी आणि न आला तरी, पेंटाव्हॅलंटचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांचेच. पहिल्या डोसाने जाग्या झालेल्या पेशी पुढच्या डोसांनी पक्क्या होतात. मधला डोस चुकला तर बाळाचे संरक्षण अपुरे राहते. चुकलाच असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. लसीकरणाचे कार्ड घेऊन जवळच्या केंद्रात जावे आणि राहिलेला डोस पुरा करावा.